कोपर पर्डीचं, झोप आमची: नायनर्सचा क्वार्टरबॅक कोण?

सदाशिव ते सनीवेल · १४ जून २०२३

आधीच सांगतो, हा धागा अमेरिकन फुटबॉलचा आहे. 'हातात घेऊन पळतात मग फुटबॉल कसला' हा प्रश्न ज्यांना पडलाय त्यांनी तो मनातच ठेवावा. वीस वर्षं ऐकतोय.

तर आमचे सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स. संघ असा की दृष्ट काढावी. मॅकॅफ्री, डीबो सॅम्युएल, किटल, आयुक. बचावाला निक बोसा आणि फ्रेड वॉर्नर. मांडव सजलाय, पंगत बसायची बाकी आहे आणि नवरदेव कोण हेच ठरत नाहीये.

ब्रॉक पर्डीच्या उजव्या कोपरावर १० मार्चला शस्त्रक्रिया झाली. आत्ता कुठे तो हळूहळू चेंडू टाकायला लागलाय. सप्टेंबरात पिट्सबर्गला पहिला सामना. त्याला जमलं नाही तर ट्रे लान्स किंवा मार्चमध्ये आणलेला सॅम डार्नोल्ड. चौथा ब्रँडन ॲलनही आहे, पण तो हजेरीपटापुरता.

माझं मत लान्स. पर्डी बरा झाला तरीही लान्सच. चिडा.

२०२१ च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर जाऊन त्याला घ्यायचं म्हणून आपण मायामीला पहिल्या फेरीचे तीन हक्क दिले. मग वर्षभर त्याला तेव्हाचा क्वार्टरबॅक जिमी गारोपोलोच्या मागे बसवला. २०२२ ला संघ त्याच्या हाती दिला, तर पहिला सामना शिकागोच्या तळ्यात झाला (मैदान म्हणवत नाही), आणि दुसऱ्यात पहिल्याच क्वार्टरमध्ये घोटा मोडला. त्या दिवशी मी लेकाला घेऊन लीव्हायज स्टेडियममध्ये होतो. व्हीटीएच्या ट्रेननं ग्रेट अमेरिका स्टेशनला उतरलो, लेकाच्या अंगात नवाकोरा पाच नंबरचा जर्सी टीशर्ट. लान्सला गाडीवर घालून नेताना सगळा संघ भोवती गोळा झाला, आणि आमच्या ओळीतला एक जण तेवढ्यातच 'जिमी, जिमी' ओरडायला लागला. लेकानं विचारलं, "बाबा, हे खूश का झाले?" मला उत्तर सुचलं नाही.

एकूण चार सामने सुरू केले पोरानं. दोन जिंकला, दोन हरला. चार सामन्यांवरून माणूस निकालात काढायचा?

---

शेवटचा बाक · १४ जून २०२३

चार सामन्यांवरून निकालात काढू नये हे मान्य. मग पाच सामन्यांवरून डोक्यावर घेतलेलं चालेल ना? पर्डीनं नियमित हंगामात पाच सुरू केले, पाचही जिंकले. मायामीविरुद्ध मध्येच उतरून जिंकलेला वेगळाच.

२०२२ च्या ड्राफ्टमध्ये २६२ नावं पुकारली, २६२ वं याचं. त्या शेवटच्याला 'मिस्टर इर्रेलेव्हंट' म्हणतात, म्हणजे 'श्री. बिनकामाचे'. चेष्टा म्हणून जर्सीही देतात. असा पोरगा डिसेंबरात आपल्या आयुष्यातला पहिला सामना सुरू करतो, समोर साक्षात टॉम ब्रेडी, आणि निकाल ३५-७. आई-वडील स्टँडमध्ये होते, वडील ढसाढसा रडत होते. ते दृश्य पाहूनही ज्याला लान्स आठवतो त्याच्यापुढे हात टेकले.

माझ्या आयडीवरून माझी बाजू कळली असेलच.

---

फिरकी · १५ जून २०२३

पुण्यातून विचारतेय, हलके घ्या. क्वार्टरबॅक म्हणजे कॅप्टन का? आणि ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचा लिलाव का?

---

कँडलस्टिक काका · १५ जून २०२३

फिरकीताई, विचारलंत ते बरं केलंत.

ड्राफ्टमध्ये पैशाची बोली नसते. कॉलेजातून आलेली मुलं संघ क्रमानं निवडतात, सात फेऱ्या. आदल्या हंगामात जो सगळ्यात वाईट खेळला त्याला पहिला नंबर. पुढचा नंबर हवा असेल तर पुढच्या वर्षांचे आपले नंबर दुसऱ्याला द्यायचे. सदाशिवराव ज्या तीन हक्कांबद्दल रडताहेत ते हे.

क्वार्टरबॅक म्हणजे कॅप्टन नव्हे, पण प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते. चेंडू हातात आला की तीनेक सेकंदांत ठरवायचं, कुणाकडे टाकायचा, की स्वतः पळायचं, की सरळ बाहेर भिरकावून द्यायचा. आणि हे ठरवताना सव्वाशे-दीडशे किलोची चार माणसं तुम्हाला आडवं पाडायला येत असतात. कीर्तनात बुवा चुकले तर टाळकरी सांभाळून घेतात. इथे बुवाच चुकले की कीर्तन संपलं.

---

फिरकी · १५ जून २०२३

कळलं! बुवा आजारी आहेत आणि दोन बदली बुवांवरून गावात दोन तट पडलेत. चालू द्या, मी शेंगा घेऊन बसते.

---

आकडेमोड · १५ जून २०२३

भावना बाजूला ठेवून.

पर्डी, २०२२ नियमित हंगाम: १७० पैकी ११४ पास पूर्ण, १३ टचडाउन (गोललाइनपार पोचलेले पास), ४ इंटरसेप्शन (विरोधकांनी पळवलेले).
लान्स, दोन हंगाम मिळून: १०२ पैकी ५६, ५ टचडाउन, ३ इंटरसेप्शन.
डार्नोल्ड, पाच हंगाम: ५५ सामने सुरू केले, २१ जिंकले, ३४ हरले. ६१ टचडाउन, ५५ इंटरसेप्शन.

यातला पहिला आकडा छोटा आहे, दुसरा हास्यास्पद छोटा आहे, आणि तिसरा पुरेसा मोठा असून वाईट आहे. म्हणजे ज्याच्याबद्दल आपल्याला सगळ्यात जास्त माहिती आहे तोच सगळ्यात कमी हवासा वाटतो. लग्नाच्या बाजारातही हेच होतं.

लान्सबद्दल आणखी एक. कॉलेजात त्यानं १७ सामने सुरू केले आणि १७ ही जिंकले. २०१९ ला २८ टचडाउन, इंटरसेप्शन शून्य. पण सगळं मिळून ३१८ पास. २०२० ला कोविडमुळे एकच सामना झाला. पर्डी आयोवा स्टेटला चार वर्षं खेळला, चाळीसच्या वर सामने. एकाकडे गळा आहे पण रियाज नाही, दुसऱ्याकडे रियाज आहे पण गळा बेताचा. आपला कोच शॅनहन, त्याच्या पद्धतीत रियाजवाला चालतो, कारण तिथे चेंडू वेळेवर सुटणं महत्त्वाचं. साठ यार्डांची फेक हंगामात चारदा लागते.

---

मीटर डाऊन · १५ जून २०२३

डोंबिवलीतून डार्नोल्डचा एकमेव वकील हजर आहे, मिलॉर्ड.

आकडेमोड, तुमचे आकडे बरोबर, पण ते आकडे कुठले? बहुतेक न्यूयॉर्क जेट्सचे! तिथे नेऊन आपल्या जुन्या महान जो माँटानाला उभा केला असता तरी सहा महिन्यांत तो विमा विकायला लागला असता. २०१८ ला तिसरा निवडला गेलेला पोरगा. म्हणजे लान्सच्याच नंबराचा, आणि त्याच्याहून ५१ सामने जास्त खेळलेला. गेल्या वर्षी कॅरोलायनात शेवटी त्याला सहा सामने मिळाले, चार जिंकला. तेही मॅकॅफ्री इकडे पाठवून दिल्यावर.

गळक्या होडीत बसवून 'तुला वल्हवता येत नाही' म्हणायचं, ये कहाँ का इन्साफ.

---

लिबर्टी बेल · १६ जून २०२३

फिलाडेल्फियाहून प्रेमपूर्वक नमस्कार! २९ जानेवारीला आमच्या ईगल्सकडे सामन्याला येऊन गेलात, फार घाई केलीत हो. चहासुद्धा झाला नाही. ३१-७.

---

शेवटचा बाक · १६ जून २०२३

आल्या. वाटच बघत होतो.

ताई, तो सामना होता का? तुमच्या हासन रेडिकनं आमच्या पहिल्याच चढाईत पर्डीच्या हातावर झडप घातली. बदली म्हणून जॉश जॉन्सन आला, तिसऱ्या क्वार्टरला त्याच्या डोक्याला मार लागला. मग पर्डीलाच परत उतरवला, ज्याला दहा यार्डांवर चेंडू टाकता येत नव्हता. मॅकॅफ्रीनं पास टाकला त्या दिवशी, मॅकॅफ्रीनं! ज्याचं काम चेंडू घेऊन पळायचं! पुढे मे महिन्यात लीगला नियम बदलावा लागला. आता तिसरा क्वार्टरबॅक आणीबाणीसाठी तयार ठेवता येतो. आमच्या मानहानीतून निदान कायदा तरी झाला.

---

मीटर डाऊन · १६ जून २०२३

तो सामना इकडे रात्री दीडला सुरू झाला. बायकोला सांगितलं होतं, ऑफिसचा कॉल आहे. जॉन्सन पडल्यावर जोरात "अरे देवा" निघालं तोंडातून. ती उठून आली आणि विचारते, "नोकरी गेली का?"

---

हाडवैद्य · १७ जून २०२३

वैद्यकीय बाजू कुणीच मांडत नाहीये म्हणून टंकतो. पर्डी माझा पेशंट नाही, जे छापून आलंय त्यावरूनच बोलतोय.

कोपराच्या आतल्या बाजूला एक अस्थिबंध असतो, यूसीएल. आपला हात कानामागून पुढे येतो, म्हणजे कैरी पाडायला दगड मारतो तसा, तेव्हा कोपर आतल्या बाजूनं उघडायला बघतं. ते न उघडू देण्याचं काम या बंधाचं. बेसबॉलमधले पिचर तो झिजवून तोडतात. पर्डीचा झिजून नाही, एका फटक्यात तुटला. हा फरक महत्त्वाचा.

झिजलेला असेल तर दुसरीकडचा टेंडन काढून नवा बंध बसवावा लागतो. ती टॉमी जॉन शस्त्रक्रिया, १९७४ पासून होतेय, आणि त्यात वर्षभर जातं. पण मूळ बंध चांगला असेल आणि नुसता सुटला असेल तर तो परत टाचतात आणि वरून एक मजबूत फीत बसवतात. आपण फाटलेल्या पिशवीचा बंद शिवतो आणि वरून पट्टी मारतो तसं समजा. यात साधारण सहा महिने. यातलं कुठलं करायचं हे आत उघडून पाहिल्यावरच पक्कं होतं. सूज उतरेना म्हणून शस्त्रक्रिया लांबली, पण डॉ. कीथ मायस्टर यांनी टेक्सासात उघडून पाहिलं तेव्हा टाचणीवर भागलं.

१० मार्च अधिक सहा महिने किती ते मोजा. १० सप्टेंबर. पहिला सामना कधी आहे? १० सप्टेंबर.

म्हणून माझं म्हणणं, पर्डी खेळेल हे गृहीत धरू नका आणि खेळणार नाही हेही नको. ठरवायचं आहे ते दुसऱ्या नंबरचं. तुम्ही लोक मात्र पहिल्यावरून भांडताय.

---

आकडेमोड · १७ जून २०२३

हाडवैद्य, +१. वाचनखूण साठवली.

---

सदाशिव ते सनीवेल · १७ जून २०२३

ठीक आहे, दुसऱ्या नंबरचं बोलू. पण मग तर लान्सच! शिकवायचा कुणाला? डार्नोल्डचा करार एक वर्षाचा. तो चांगला खेळला तर पुढच्या मार्चमध्ये कुणीतरी जास्त पैसे देऊन घेऊन जाणार, वाईट खेळला तर आपण ठेवणार नाही. दोन्हीकडून भाड्याचा. लान्स निदान घरचा.

---

शेवटचा बाक · १७ जून २०२३

सदाशिवराव, तुम्ही खेळाचं बोलतच नाही, हिशेबाचं बोलताय. 'इतके हक्क दिले, इतके पैसे दिले.' माझ्या मामानं एका बिल्डरकडे फ्लॅट बुक केला होता. सहा वर्षं झाली तरी ताबा नाही. दर वेळी मामा म्हणायचा, आता इतके भरलेत तर उरलेलेही भरू. भरले. पावसाळ्यात हॉलमध्ये बादली ठेवतात आता.

तीन हक्क गेले ते गेले. ते लान्स खेळला तरी परत येणार नाहीत आणि बसला तरी नाहीत. हिशेबच करायचा तर हाही करा: लान्सचा करार चार वर्षांचा, ३ कोटी ४० लाख डॉलर. पर्डीला या हंगामात मिळणार ८ लाख ७० हजार. एकट्या डार्नोल्डला पर्डीच्या पाचपट मिळतायत. बदली गडी मालकापेक्षा जास्त घेतोय.

---

सदाशिव ते सनीवेल · १७ जून २०२३

बादलीचं उदाहरण चुकलं. त्या फ्लॅटमध्ये मामा राहायला तरी गेला. लान्सच्या फ्लॅटची आपण कडीसुद्धा उघडली नाही. कुलूप पाहूनच म्हणताय, गळतो.

आणि पर्डीचं कौतुक करताना शॅनहनला विसरू नका. मसाला वाटून, फोडणी करून, गॅसही पेटवून दिलाय. पर्डीनं चिरलेली भाजी टाकली आणि सगळे म्हणतायत काय सुगरण आहे!

---

शेवटचा बाक · १७ जून २०२३

तीच फोडणी लान्सला दिली होती की. शिकागोत २८ पैकी १३.

---

सदाशिव ते सनीवेल · १७ जून २०२३

पाण्यात!! पोहत होते सगळे!! शिकागोचा क्वार्टरबॅकही काही दिवे लावत नव्हता!!

---

शेवटचा बाक · १७ जून २०२३

पण जिंकला तोच ना. १९-१०.

---

संपादक · १८ जून २०२३

व्यक्तिगत शेरेबाजी असलेले चार प्रतिसाद उडवले आहेत. कृपया खेळावर बोला. कुणाच्याही 'मूळ गावचा' उल्लेख नको.

---

फिरकी · १८ जून २०२३

उडवायच्या आधी वाचले मी. सदाशिव पेठ विरुद्ध कोथरूड, सांता क्लारा काउंटीत. धन्य आहे.

---

कँडलस्टिक काका · १८ जून २०२३

मंडळी, जरा बसा. मी १९८४ ला इथे आलो. ऑफिसातल्या एकानं जास्तीचं तिकीट दिलं म्हणून कँडलस्टिकला, नायनर्सच्या तेव्हाच्या मैदानात, गेलो. ते मैदान खाडीला लागून. वारा असा की तो कुठून येतो हेच कळायचं नाही. हातातला कागदी पेला उडाला की तो आपल्याच पाठीवर आदळायचा. त्या वाऱ्यात जो माँटानाची फेक बघायचा त्याला बाकी काही बघवायचं नाही.

आता ऐका. १९९१ ला माँटानाचं काय दुखावलं होतं? उजवं कोपर. तेव्हा त्याच्या नावावर चार सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, होते. सगळा हंगाम बसला, पुढचाही जवळपास सगळा.

त्याच्या जागी स्टीव्ह यंग. त्या वेळी आम्ही यंगला काय काय बोललो ते आता लिहवत नाही. पळतोच फार, डावराच आहे, माँटाना असता तर… प्रत्येक वाक्य 'माँटाना असता तर'नं सुरू व्हायचं. मग यंगचा गुडघा दुखावला आणि तिसरा आला, स्टीव्ह बोनो. त्यानं ओळीनं पाच सामने जिंकले! झालं, लगेच ऑफिसात बोनोचा पक्ष निघाला. मी त्या पक्षात होतो. आज सांगायला लाज वाटते, पण मी लंच टेबलवर शपथेवर सांगत होतो की यंगला विकून टाका, बोनो ठेवा.

९२ ला यंग लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच हंगामातल्या शेवटच्या सामन्यात, सोमवारी रात्री, डेट्रॉइटविरुद्ध दुसऱ्या हाफला माँटाना उतरला. दोन टचडाउन टाकले. शेजारचा अनोळखी माणूस माझ्या गळ्यात पडला. त्या रात्री पुन्हा सगळं शहर माँटानाचं. एप्रिलमध्ये तो कॅन्सस सिटीला गेला. दोन वर्षांनी यंगनं सुपर बोलमध्ये सहा टचडाउन टाकले, चार्जर्सविरुद्ध, ४९-२६, आणि मग म्हटलं चला, याला माफ केलं. माफ! जणू त्यानंच आमचं काही वाकडं केलं होतं.

२०१२ लाही तेच. ॲलेक्स स्मिथ, २००५ चा पहिला निवडलेला. ॲरिझोनाविरुद्ध १९ पैकी १८ पास पूर्ण केले. दोनच आठवड्यांनी डोक्याला मार लागला, पुढच्या सोमवारी बदली क्वार्टरबॅक कॅपरनिकनं शिकागोला ३२-७ नं धुतलं, आणि स्मिथ बरा झाला तरी तेव्हाचा कोच हारबॉनं त्याला परत घेतलं नाही. त्याची चूक काय? आजारी पडला.

तेव्हा सदाशिवराव, लान्सवर अन्याय झाला हे मान्य. पण हे दुकान अन्यायावरच चालतं.

---

शेवटचा बाक · १८ जून २०२३

काका, मग तुमचं मत कुणाला?

---

कँडलस्टिक काका · १८ जून २०२३

बोनोनंतर मी मत देणं सोडलं.

---

मीटर डाऊन · १९ जून २०२३

मी पैज लावतो. येत्या हंगामात नायनर्सकडून डार्नोल्ड लान्सपेक्षा जास्त सामने सुरू करेल. अर्धा किलो आंबाबर्फी. कोण घेतंय?

---

सदाशिव ते सनीवेल · १९ जून २०२३

घेतली. डिसेंबरात येतोच आहे मुंबईला.

---

हाडवैद्य · २६ जुलै २०२३

बातमी पाहिली असेलच. पर्डीला सरावाची पूर्ण परवानगी. कुठलंही बंधन नाही. साडेचार महिन्यांत! मी जरा जास्त सावध होतो हे कबूल.

---

शेवटचा बाक · २६ जुलै २०२३

🎉 विषय संपला. कुलूप लावा धाग्याला.

---

सदाशिव ते सनीवेल · २० ऑगस्ट २०२३

विषय संपलेला नाही. कालचा डेन्व्हरविरुद्धचा सराव सामना पाहिलात? शेवटच्या मिनिटांत चेंडू लान्सच्या हाती, एका गुणानंही नाही, दोनांनी मागे. खाली आणला की नाही संघ? मूडीनं किक मारली, २१-२०. लेक सोफ्यावरून उडी मारून खाली पडला.

हो, इंटरसेप्शन झालं. हो, आठवड्यापूर्वी लास व्हेगसला अडखळला. पण सुधारतोय!

---

आकडेमोड · २० ऑगस्ट २०२३

सुधारतोय हे खरं. शेवटच्या मिनिटांत समोर डेन्व्हरचे जे होते त्यातले निम्मे पुढच्या आठवड्यात संघाबाहेर असतील, हेही खरं. सराव सामन्याचा चौथा क्वार्टर म्हणजे परीक्षा संपल्यावर सुचलेली उत्तरं.

---

मीटर डाऊन · २४ ऑगस्ट २०२३

शॅनहननं जाहीर केलं. दुसरा नंबर: सॅम डार्नोल्ड. सदाशिवराव, बर्फी हापूसची हवी, इसेन्सची नको.

---

सदाशिव ते सनीवेल · २५ ऑगस्ट २०२३

लान्स डॅलसला गेला. चौथ्या फेरीच्या एका हक्काच्या बदल्यात.

पहिल्या फेरीचे तीन देऊन आणलेला चौथ्या फेरीच्या एकावर दिला. आणि दिला कुणाला, तर आपल्या जुन्या वैऱ्यांना, डॅलस काउबॉइजना! संध्याकाळी चार्जर्सविरुद्ध सामना होता, त्याच्या काही तास आधी. माझ्याकडे आजची तिकिटं होती. लेक टीशर्ट घालून तयार होता. मी म्हटलं, अरे बदल, दुसरा घाल. म्हणाला, "का? त्यानं काय केलं?"

तोच घालून नेला.

---

शेवटचा बाक · २५ ऑगस्ट २०२३

आज काही बोलत नाही. लेकाला माझ्याकडून एक चॉकलेट.

---

लिबर्टी बेल · २६ ऑगस्ट २०२३

मीही नाही. (काउबॉइजकडे गेला हे मात्र आम्हालाही आवडलं नाही. आता वर्षातून दोनदा आमच्यासमोर.)

---

मीटर डाऊन · १४ जानेवारी २०२५

धागा वर काढतोय. तिळगूळ घ्या, गोड बोला.

आधी हिशेब: २०२३ च्या हंगामात डार्नोल्डनं नायनर्सकडून एक सामना सुरू केला (रॅम्स, २०-२१ हरला), लान्सनं शून्य. बर्फी मिळाली, हापूसची होती, पोच देतो.

आता मुद्दा. शॅनहनच्या हाताखाली एक वर्ष बसला, मग मिनेसोटाला गेला, आणि या हंगामात माझ्या सॅमनं काय केलं? १७ पैकी १४ जिंकले! ३५ टचडाउन! आणि आपले नायनर्स? पर्डी असूनही ६ विजय, ११ पराभव. जून २०२३ ला या धाग्यावर मला एकटं पाडलं होतं. सर्वांनी ओळीनं माफी मागावी.

---

आकडेमोड · १४ जानेवारी २०२५

माफी मागतो. आकडा मोठा होता, वाईट होता, पण जेट्सचा होता हे मी मोजलं नव्हतं.

फक्त एक विचारतो. आज पहाटेचा सामना पाहिलात का?

---

मीटर डाऊन · १४ जानेवारी २०२५

पाहिला.

साडेसहाला लावला, संक्रांतीची पूजा बाजूला ठेवून. रॅम्सनी २७-९ नं हरवलं. नऊ वेळा आडवा पाडला त्याला, नऊ वेळा! सातव्या वेळी बायको येऊन म्हणाली, "हा तुझाच ना?" आणि तिळाचा लाडू ठेवून गेली.

माफी तरीही मागावी.

---

शेवटचा बाक · १४ जानेवारी २०२५

मागितली. पर्डीनं मधल्या वर्षी सुपर बोलपर्यंत नेलं होतं, ४,२८० यार्ड, क्लबचा विक्रम, हे फक्त नोंदीसाठी. कॅन्सस सिटीविरुद्धचं जादा वेळेतलं २२-२५ काढू नये ही विनंती.

---

कँडलस्टिक काका · १५ जानेवारी २०२५

सध्या फ्रीमाँटच्या भिशीत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो पर्डीला हवे तेवढे पैसे द्या, दुसरा म्हणतो डार्नोल्डला परत आणा. मी चहा ओतण्याचं काम करतो.

सदाशिवराव कुठे आहेत?

---

सदाशिव ते सनीवेल · १५ जानेवारी २०२५

इथेच आहे काका, वाचतोय.

दहा दिवसांपूर्वी लान्सनं डॅलसकडून सामना सुरू केला. हंगामाचा शेवटचा, वॉशिंग्टनविरुद्ध. त्यांचं सगळं आधीच संपलेलं, म्हणून मिळाला. १९-२३ हरले. मी आणि लेकानं शेवटपर्यंत पाहिला. काही फेका छान होत्या, काही नव्हत्या. लेक आता बारावं लागलेला, मधूनमधून फोनमध्येच होता.

पाच नंबरचा टीशर्ट त्याला आता होत नाही. धाकटी रात्री झोपताना घालते. तिला वाटतं तो पाच म्हणजे तिचं वय.